सप्ताळूची थंडी

फळ न देणाऱ्या झाडाला पाणी का घालावे? वारज्याला माझ्या घरामागे मुरमाड जमिनीचा एक तुकडा आहे. तेथे अंजीर आहे, सीताफळ आहे, आणि पीचची तीन झाडे आहेत. जुने लोक या फळाला सप्ताळू म्हणत. अंजीर आणि सीताफळ आपला वाटा वेळेवर देतात. सप्ताळू मात्र चार-दोन गुलाबी फुले दाखवून गप्प बसतो. शेजारच्या आजी दर उन्हाळ्यात विचारतात, "भाऊ, ही वांझोटी झाडं अजून किती दिवस पोसणार?"

त्या एका शब्दापाशी माझे मन अडते. सप्ताळूच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात आणि हिवाळाभर झोपी जातात. त्यांना नीट जाग यायला बऱ्याच जातींना ७ अंशांखालची ६०० ते १,००० तास थंडी लागते. पुण्याच्या ज्या थंडीचे आपण शालीत गुरफटून कौतुक करतो, ती त्याच्या लेखी थंडीच नव्हे! आपल्याला सुखाची वाटणारी हवा त्याला कठोर आहे. मग वांझोटे झाड की हवा?

आमच्या वारज्याची टेकडीही एके काळी ओसाड म्हणूनच ओळखली जाई. वनखाते आणि नागरिक यांनी तिच्या चाळीस एकरांवर झाडे लावली, तळी खोदली. ५ जून २०२० रोजी केंद्र सरकारने नगरवनांची योजना मांडली, तेव्हा नमुना म्हणून हीच टेकडी दाखवली. ओसाडपणा तिचा स्वभाव नव्हता, तिची उपेक्षा होती.

कोणी म्हणेल, अशाने प्रत्येक आळशाला हवेची सबब सापडेल. सापडेलही. पण सबब खरी की खोटी हे विचारल्यावाचून कळत नाही, आणि आपण तर विचारण्याआधीच निकाल देऊन मोकळे होतो. पंजाबच्या मैदानात थोड्या थंडीवर भागणारे पीच पिकतात. तेथील जाणकारांनी झाडाला बोल लावला नाही, हवेला मानवणारी जात शोधली.

मे महिन्यात पाणी मोजून वापरावे लागते. फळणाऱ्या झाडांचा वाटा आधी, हे मलाही मान्य आहे. पण सप्ताळूच्या आळ्यात एक बादली पडतेच. ते फळाचे मोल नव्हे, जिवंत असण्याचा हक्क आहे.

या दिवाळीत फराळाच्या ताटांभोवती घरातल्या एखाद्या मागे पडलेल्या मुलाला कोणी ना कोणी विचारीलच, "काय रे, सध्या काय करतोस?" त्याला त्याची थंडी मिळाली होती का, हे आधी आपण स्वतःला विचारले, तर कदाचित तो प्रश्न ओठांवर येणारच नाही.