पदराचा वाद आणि सुलोचनाबाईंचा आवाज

सुलोचनाबाई चव्हाणांनी लावणी सोवळी करून टाकली, असं एक विधान अलीकडे अभ्यासू मंडळींच्या तोंडून वारंवार ऐकू येतं. कोल्हापुरात एका चर्चेत ते माझ्या समोरच केलं गेलं. करणारे गृहस्थ व्यासंगी आहेत, लोककलांवर मन लावून काम करणारे आहेत, त्यामुळे ते कानाआड करता येत नाही. त्यांचं म्हणणं असं : फडावरच्या बायकांच्या गळ्यातली लावणी सिनेमावाल्यांनी उचलली आणि गिरगावातल्या एका संसारी बाईच्या तोंडी दिली. तिने ती दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन गायली. त्या पदरामुळे पांढरपेशा घरांना लावणी ऐकायचा परवाना मिळाला आणि जिची ती कला होती, ती मात्र होती तिथेच राहिली, बदनाम.

याच्या नेमकं उलट बोलणारा दुसरा पक्ष आहे. काही वर्षांपूर्वी नर्तकी गौतमी पाटील यांच्या कार्यक्रमांवरून महाराष्ट्रभर वाद पेटला, तेव्हा हा पक्ष सुलोचनाबाईंचा फोटो नाचवत पुढे आला. बघा, अंगभर पदर घेऊनही लावणी गाता येते, असं त्या पोरीला सुनावण्यात आलं. १० डिसेंबर २०२२ रोजी सुलोचनाबाई गेल्या. त्यानंतर आलेल्या मृत्युलेखांतही पदर ठळक होता. एकाला तो पदर म्हणजे ढोंग वाटतं, दुसऱ्याला तो संस्कृतीचा झेंडा वाटतो. दोघंही बघतात ते लुगड्याकडे. ज्या बाईने उभं आयुष्य गाण्यात घातलं, तिचं गाणं ऐकायला दोघांनाही सवड नाही. माझं भांडण आधी या गोष्टीशी आहे.

तेव्हा आधी त्या बाईकडे येऊ. माहेरच्या त्या सुलोचना कदम. गिरगावातल्या फणसवाडीत वाढल्या. घरचाच श्रीकृष्ण बाळमेळा होता, त्यात लहानपणापासून उभ्या राहिल्या. शास्त्रोक्त तालीम अशी नाही. तबकड्या ऐकायच्या आणि गळ्यात उतरवायच्या. वत्सलाबाई कुमठेकरांची लावणी त्यांनी अशीच कानाने उचलली. पुढे हिंदी चित्रपटांत त्या ‘के. सुलोचना’ किंवा ‘सुलोचना कदम’ या नावांनी गायल्या. १९५१ च्या ‘ढोलक’ मधलं श्यामसुंदर यांच्या संगीतातलं त्यांचं गाणं ज्यांनी ऐकलं असेल, त्यांना ही बाई हिंदी भावगीताच्या वाटेने सहज पुढे गेली असती हे पटेल. आवाज मऊ होता, लहरता होता. लावणीचा ठसका त्यात जन्मजात नव्हता.

‘सोवळी केली’ म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ठसका त्यांनी कमावला. आचार्य अत्र्यांच्या ‘हीच माझी लक्ष्मी’ मध्ये वसंत देसाईंनी त्यांच्याकडून लावणी गाऊन घेतली. पडद्यावर हंसा वाडकर होत्या. पुढे श्यामराव चव्हाण यांच्या ‘कलगीतुरा’ मध्ये राजा बढे यांच्या लावण्या त्यांनी म्हटल्या आणि याच श्यामरावांशी त्यांचं लग्न झालं. लावणीतला शब्द कसा टाकायचा, कुठे आवाज दाबायचा, कुठे उघडा सोडायचा, हे श्यामरावांनी बसवून घेतलं. त्या स्वतः त्यांनाच आपले लावणीचे गुरू मानत. ‘लावणीसम्राज्ञी’ हे बिरूद अत्र्यांनी दिलं. मग १९६२ चा ‘रंगल्या रात्री अशा’, १९६४ चा ‘सवाल माझा ऐका’, १९६५ चा ‘मल्हारी मार्तंड’ आणि वसंत पवारांच्या चाली. त्या तीन-चार वर्षांत मराठी माणसाच्या कानात लावणीचा जो आवाज बसला, तो अजून उठलेला नाही.

तो आवाज काय करतो, हे जरा जवळून ऐकू. ‘रंगल्या रात्री अशा’ मधली, स्वतःला कोल्हापूरची लवंगी मिरची म्हणवणाऱ्या बाईची लावणी घ्या. शब्द जगदीश खेबुडकरांचे. खेबुडकर तेव्हा शाळामास्तर होते, आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या हळदी गावचे. नाव-गाव विचारणाऱ्या पुरुषाला ती बाई पहिल्याच ओळीत अडवते. सुलोचनाबाई ती ओळ आळवत नाहीत. शब्दाचं शेवटचं अक्षर लांबवून त्यावर मुरकी घ्यायचा मोह कुणाही गायिकेला झाला असता. त्या ते अक्षर तोडतात आणि ढोलकीला जागा करून देतात. थाप पडते, तोवर गाणारी पुढच्या शब्दावर पोचलेली असते. व्यंजनं टणक आहेत, ‘च’ आणि ‘ळ’ दाताजिभेवर स्पष्ट वाजतात, स्वर मात्र उघडा आणि सरळ आहे. त्यात हुंकार नाही, कुजबूज नाही. ही बाई विनवत नाही. समोरच्याला दोन हात लांब उभा करून बोलते आहे. शृंगार आहे, पण तो तिच्या अटीवर चाललेला आहे.

याची तुलना आशाबाई भोसले यांच्याशी करून बघावी. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ मधली त्यांची बुगडीची लावणी माडगूळकरांची आणि चाल वसंत पवारांचीच. आशाबाई त्या लावणीत लाडिक होतात, स्वराला हेलकावे देतात, श्रोत्याला आत ओढतात. ती अप्रतिम आहे. पण तिथे गाणारी श्रोत्याजवळ सरकते, सुलोचनाबाईंची सरकत नाही. हे अंतर पदराने आणलेलं नाही, गळ्याने आणलेलं आहे. पदर न घेता गायल्या असत्या तरी ते तसंच राहिलं असतं.

आता माझ्या प्रतिपक्षाच्या, म्हणजे ‘सोवळी केली’ म्हणणाऱ्यांच्या, मुख्य आधाराकडे वळतो. ते शर्मिला रेगे यांचा दाखला देतात. रेगे पुण्याच्या, समाजशास्त्राच्या अभ्यासक. २०१३ साली अकाली गेल्या. १९९५ साली लावणी कलावंत स्त्रियांवर त्यांनी लिहिलेला निबंध मी लावणीवरच्या सगळ्या लिखाणात सर्वांत महत्त्वाचा मानतो. आपल्याकडे लावणीवर ढीगभर लिहिलं गेलं. म. वा. धोंडांचं ‘मऱ्हाटी लावणी’ आजही आनंद देतं. पण वृत्तं, जाती, शाहिरांची चरित्रं आणि शृंगाराचे प्रकार यांच्यापलीकडे फारसं कुणी गेलं नव्हतं. रेगेंनी साधा प्रश्न विचारला : हे गाणारं शरीर कुणाचं?

त्यांचं उत्तर अस्वस्थ करणारं आहे. पेशवाईत बायकांची खरेदी-विक्री होत होती, कुणबिणी आणि बटकी ठेवल्या जात होत्या, त्यांच्या कष्टांवर आणि देहांवर सत्तेचा हक्क चालत होता. त्याच काळात लावणी बहरली. लावणीतली बाई सदैव आतुर असते, स्वतःहून बोलावते. खालच्या मानलेल्या जातींतल्या बाईवर जी सक्ती होत होती, ती तिचीच इच्छा आहे, असं या काव्याने भासवलं. एकीकडे उच्चवर्णीय घरातल्या बाईचं वैधव्य केशवपनापर्यंत आवळलेलं आणि दुसरीकडे ही कायमची आतुर बाई. दोन्ही एकाच व्यवस्थेचे दोन टोकांचे भाग, हे रेगेंनी दाखवलं. राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम यांच्या प्रतिभेवर लुब्ध असलेल्या माझ्यासारख्याला हे पचवायला जड गेलं, पण ते खोडता येत नाही.

मात्र रेगेंचा हा युक्तिवाद पूर्ण वाचला तर ‘सोवळी केली’ हा आरोप डळमळतो. आरोपात असं गृहीत आहे की आधी एक अस्सल, बाईची स्वतःची, मोकळी लावणी होती आणि सिनेमाने ती बाटवली. अशी लावणी होती कुठे? शब्द पुरुष शाहिरांचे. जुन्या तमाशात ते म्हणायला आणि नाचायला नाच्या पोऱ्या. बाई फडावर ठळकपणे आली ती पुढे. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, आणि पवळा यांच्या जोडीने ते चित्र बदललं, तेही विसाव्या शतकाच्या तोंडाशी. तेव्हा कोल्हाटी, महार, मांग समाजांतल्या बायकांनी पुरुषांनी लिहिलेले शब्द घेतले आणि अदा करताना, गाताना, मध्येच एखाद्या शेऱ्याने ते शब्द आपल्या बाजूला वळवले. रेगेंना त्यात प्रतिकाराच्या खुणा दिसल्या त्या याच जागी, शब्दांत नव्हे, सादर करण्यात. मग तोच न्याय सुलोचनाबाईंना का लावू नये? त्यांनाही शब्द पुरुषांनीच दिले होते. त्यांनी ते कसे टाकले, हाच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तबकडीवर आहे.

इथवर माझी बाजू मला भक्कम वाटते. पण रेगेंचा तोच निबंध पुन्हा वाचताना एका ठिकाणी मला माझ्या प्रतिपक्षाच्या दिशेने सरकावं लागतं आणि ते मी मोकळेपणाने सरकतो.

पार्श्वगायनाने लावणीचे तुकडे केले. फडावर एकच बाई गात होती, नाचत होती, सवालाला जबाब देत होती. पावसाळा सरला की गावोगाव राहुट्या ठोकत होती आणि दौलतजादा करणाऱ्याची नजरही तीच झेलत होती. सिनेमाने आवाज एकीकडून घेतला, चेहरा जयश्री गडकरांचा घेतला, आणि ज्या फडांतून ढोलकीचे तोडे, चालींची वळणं, बोलण्याची ढब आली, ते फड श्रेयनामावलीबाहेर राहिले. जुन्या तबकडीवरचा कागद बघा : गीतकार, संगीतकार, गायिका. ढोलकी कुणाची, तुणतुणं कुणाचं, मागे झील धरणारे सुरत्ये कोण, याचा पत्ता नाही. ज्या बाईच्या बैठकीत बसून एखादी चाल कानात भरली, तिचं नाव तर फारच लांब. या वाटणीत आवाजाच्या वाट्याला मान आला. देहाच्या वाट्याला पूर्वीचीच नजर आली.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं आयुष्य आठवा. खेळ चालू असताना पोटात कळा सुरू झाल्या. मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला होता. २००२ साली गेल्या तेव्हा अखेरचे दिवस हलाखीत गेले होते. वाईच्या यमुनाबाई वाईकर बैठकीच्या लावणीतल्या थोर गायिका, कोल्हाटी समाजातल्या. पद्मश्री मिळाली २०१२ साली, नव्वदी केव्हाच ओलांडल्यावर. सुलोचनाबाईंनाही पद्मश्री उशिराच, २०२२ साली मिळाली, हे खरं. पण त्यांच्या दाराशी कुणी कधी रात्री-अपरात्री पैशांची चवड दाखवत उभं राहिलं नाही. त्यांचे चिरंजीव विजय चव्हाण ढोलकीवादक म्हणून नावाजले, तेव्हा ‘तमासगिरिणीचा पोर’ असं कुणी त्यांना हिणवलं नाही. फडावरच्या बाईच्या पोराला शाळेच्या पहिल्या दिवसापासून ते ऐकावं लागलं. हा फरक त्या पदराचा आहे. एवढं माझ्या प्रतिपक्षाचं म्हणणं खरं आहे.

पुढचं त्यांचं म्हणणं मला मान्य नाही. हा फरक बाईंनी केला नाही, ऐकणाऱ्यांनी केला. मुंबई सरकारने स्वातंत्र्याच्या सुमारास तमाशावर बंदी घातली, मग ‘सुधारणे’च्या अटी घालून ती उठवली. तेव्हाच ठरलं होतं की ही कला चालेल, ती करणाऱ्या बायका चालणार नाहीत.

जगात इतरत्रही हे घडलं आहे, आणि निराळं घडू शकतं याचाही पुरावा आहे. आजच्या उत्तर मॅसेडोनियातल्या स्कोप्ये शहरात १९४३ साली जन्मलेली एस्मा रेजेपोव्हा ही रोमा समाजातली गायिका. बाईने चारचौघांत गाणं तिच्या समाजात बदनामीचं मानलं जाई. स्टेवो टिओडोसिएव्स्की या संगीतकाराने तिला घडवलं, पुढे त्यांचं लग्न झालं. श्यामराव आणि सुलोचनाबाईंची आठवण व्हावी अशी ही जोडी. एस्माही अंगभर पेहराव करून, डोक्याला रुमाल बांधून गाई. युगोस्लाव्हियाच्या रेडिओवर आणि दूरचित्रवाणीवर तिने रोमानी भाषा गाजवली. १९७६ साली चंदीगडला रोमा संगीताचा महोत्सव भरला, तिथे तिला रोमा संगीताची राणी म्हणून गौरवण्यात आलं. तिच्या बाबतीत आवाज, चेहरा आणि समाज एकाच बाईत राहिले. देशाने मान दिला तो ‘आमची रोमा एस्मा’ म्हणून द्यावा लागला. आपल्या चित्रपटसृष्टीला विठाबाईंचा किंवा यमुनाबाईंचा आवाज त्यांच्याच चेहऱ्यासकट पडद्याच्या मध्यभागी आणता आला असता. १९६० च्या दशकात दोघीही ऐन भरात होत्या. ते झालं नाही, याचा जाब निर्मात्यांना, वितरकांना आणि तिकीट काढणाऱ्या आपल्या आजोबा-वडिलांना विचारायला हवा.

कोल्हापूरवर याची जबाबदारी जरा जास्त आहे. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना आश्रय दिला आणि या गावाने त्यांच्या गाण्याची आठवण अभिमानाने जपली. त्या लवंगी मिरचीच्या लावणीचं मात्र आपण काय केलं? हॉटेलांच्या पाट्यांपासून पुढाऱ्यांच्या भाषणांपर्यंत ती मिरची वापरून घेतली. कोल्हापूरची बाई म्हणजे तिखट, एवढाच त्यातून घेतलेला अर्थ. तो शब्द ज्या गळ्याने खणखणीत केला त्या गळ्याचा अभ्यास नाही, आणि त्या गळ्याच्या मागे उभ्या असलेल्या फडांचाही नाही.

माझ्या प्रतिपक्षाला म्हणूनच माझी विनंती आहे. सुलोचनाबाईंच्या पदरावर आणखी एक निबंध नको. संगीत बारीत गाणाऱ्या ज्या बायका आज सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांच्याकडच्या बैठकीच्या लावण्या ध्वनिमुद्रित करून घेऊ या. चाल कुणाकडून आली, शब्द कुणाचे, साथ कुणाची, सगळं नावानिशी लिहून. शिवाजी विद्यापीठाचा संगीत विभाग हे काम करू शकतो आणि आपण दोघं मिळून त्यासाठी त्यांच्या दारात बसू शकतो. आणि वाचकहो, चौफुल्याला किंवा पुण्याच्या आर्यभूषणला बारी ऐकायला गेलात, तर निघण्याआधी गाणाऱ्या बाईचं, ढोलकीवाल्याचं आणि झीलकऱ्यांचं नाव विचारून घ्या आणि घरी आल्यावर ते कुठेतरी लिहून ठेवा.