रुग्णालयाची रांग आणि आमची शिफारस

जुम्म्याच्या नमाजनंतर मुसाफहा करताना एखादा माणूस हात तसाच धरून ठेवतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "मौलाना, सिव्हिलमध्ये तुमच्या ओळखीचं कोणी आहे का? एक फोन केलात तर बरं होईल." विचारणारा स्वतः आजारी असतो, किंवा आजारी माणसाचा मुलगा, जावई, शेजारी असतो. त्याला नकार देणे जड जाते. शिवाय आजाऱ्याला मदत करणे हे सवाबचे काम आहे, अशी आपली सर्वांची धारणा असते. मीही बरीच वर्षे याच धारणेने फोन करीत आलो. दोन वर्षांपूर्वी असा एक फोन मी स्वतःच्या घरासाठी केला, आणि तेव्हापासून हा प्रश्न माझ्यासाठी किताबातला राहिलेला नाही.

अम्मांना धाप लागू लागली होती. सकाळी आठ वाजता आम्ही सरकारी रुग्णालयात पोहोचलो. आधी केसपेपर, मग ओपीडी, मग ईसीजी, मग दुसऱ्या इमारतीत टूडी इको. प्रत्येक ठिकाणी निराळी रांग. इकोच्या खोलीबाहेर बाकावर जागा नव्हती, माणसे भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. आज नंबर लागेल की नाही, हे सांगणारे कोणी नव्हते. (आजारापेक्षा हे न कळणे माणसाला अधिक थकवते, असे मला त्या दिवशी वाटले.) अकराच्या सुमारास मी मशिदीच्या एका विश्वस्तांना फोन केला, त्यांनी आणखी कोणाला केला, आणि वीस मिनिटांत अम्मांच्या नावाचा पुकारा झाला. दाराला लागून एक वृद्ध बाई बसल्या होत्या. सोबत कोणी नव्हते. मांडीवर पिशवी, पिशवीत फडक्यात बांधलेली भाकरी. आम्हाला वाट देण्यासाठी त्यांनी पाय आखडून घेतले आणि म्हणाल्या, "जा बाबा, माय हाय तुझी."

औषधे घेऊन, जोहरची नमाज अदा करून आम्ही परत त्या बाजूने आलो तेव्हा दार बंद झाले होते. उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितले होते, आणि त्या बाई आपल्या गावची एसटी किती वाजता आहे, हे कोणाला तरी विचारत होत्या. आम्ही मध्ये शिरलो नसतो तर त्यांचा नंबर लागला असता का? ठाऊक नाही. पण लागला असता असे धरूनच मला हिशेब केला पाहिजे.

शिफारस ही गोष्ट मुळात वाईट नाही. सूरह निसामध्ये चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही शिफारशींचा उल्लेख आहे, आणि शिफारस करणारा तिच्या बऱ्यावाइटात वाटेकरी ठरतो, असे तेथे बजावले आहे. मखझूम या प्रतिष्ठित घराण्यातील एका स्त्रीची चोरीची शिक्षा टळावी म्हणून हजरत उसामा (रजि.) यांनी रदबदली केली, तेव्हा प्रेषित (सल्ल.) आपल्या त्या लाडक्या सहाबींवर नाराज झाले, ही हकीकत आपण बयानात ऐकतो. ते प्रकरण गुन्ह्याचे होते, रांगेचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. मग मजलिसीत बसलेल्या माणसाला उठवून त्याच्या जागी बसण्याची मनाई आठवावी. काझीने लोकांचे दावे कोणत्या क्रमाने ऐकावेत, याचीही चर्चा फिकहच्या ग्रंथांत आहे. जो आधी आला त्याचे आधी. मुसाफिराचा खोळंबा होत असेल तर त्याला पुढे घेता येते. त्या बाई मुसाफिर होत्या. आम्ही त्याच शहरातले होतो.

मग माणूस मजबुरीचा आधार घेतो. मीही घेतला. आईचा श्वास कोंडत असताना कोणता मुलगा रांगेचे नियम पाळत बसेल? मजबुरीत निषिद्धही मुभेत येते, हा कायदा मदरशातल्या मुलांना पाठ असतो. त्याच कायद्याला लागून दुसरा कायदा आहे, तो मात्र सोयीस्करपणे विसरला जातो: मजबुरीने दुसऱ्याचा हक्क बुडत नाही. उपासमारीने मरू घातलेल्याने दुसऱ्याचे अन्न खाल्ले तर गुनाह होत नाही, पण त्या अन्नाची भरपाई त्याच्याकडे लागते. अम्मांची अवस्था खरोखर तशी असती, तर डॉक्टरांनी त्यांना सर्वांच्या आधी घेतले असते. तो त्यांचा हक्कच ठरला असता आणि त्यासाठी कोणाचा फोन लागला नसता. आजाराची निकड आणि ओळखीची निकड यांतले अंतर मला त्या सकाळी दिसत होते. मी त्याकडे पाहिले नाही, इतकेच.

यावर एक रास्त आक्षेप आहे. रांग इतकी लांब असणे हा काही रांगेतल्या माणसाचा अपराध नव्हे. 1992 साली पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला गंभीर मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवले, कोठे सोय नव्हती, कोठे खाट रिकामी नव्हती. अखेर त्याने खाजगी रुग्णालयात पदरमोड करून उपचार घेतले. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की सरकारी रुग्णालयात वेळेवर उपचार न मिळणे हा घटनेच्या कलम 21 मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशाची अडचण ही शासनाला सबब होऊ शकत नाही. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील शुल्क माफ झाले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण रोजंदारीवर जगणाऱ्याला तीन खिडक्यांपुढे उभे राहण्यात गेलेला दिवस मोफत पडत नाही. अशा माणसाला 'सब्र करा' असे सांगणारे आम्हीच असतो. सब्र हा आजाऱ्याचा गुण आहे; कमी यंत्रे आणि कमी माणसे देणाऱ्याची ती ढाल होता कामा नये. एकेका डॉक्टरपुढे किती रुग्ण उभे असतात, हे पाहिले म्हणजे त्यांच्यावर चिडणेही अन्यायाचे वाटते.

व्यवस्थेचा हा दोष मान्य करूनही माझा फोन निर्दोष ठरत नाही. उलट तोच फोन त्या दोषाला जगवतो. ज्यांच्या बोलण्याची दखल घेतली जाते, ते विश्वस्त, नगरसेवक, शिक्षक, इमाम आपापल्या माणसांना बाजूच्या दाराने आत नेतात. त्यांची तक्रार तिथेच संपते. बाहेर उरतात ते, ज्यांचे कोणी ऐकत नाही. आम्ही सारे एकदा मुकाट रांगेत बसलो असतो, तर एका यंत्राची दोन यंत्रे करा हे म्हणायला किती दिवस लागले असते? काहिराच्या मन्सूरी बीमारिस्तानचा आम्ही मोठ्या अभिमानाने उल्लेख करतो. सुलतान कलावूनने 1284 मध्ये ते उभारले आणि वक्फनाम्यात गरीब-श्रीमंत, स्थानिक-परके या सर्वांसाठी ते खुले ठेवले. त्याआधी दमिश्कमध्ये आजारी पडला असता नूरुद्दीनच्या बीमारिस्तानातील औषधांनी त्याला गुण आला होता, असे इतिहासकार सांगतात. स्वतः बरा झालेला माणूस दुसऱ्यांसाठी दार उघडतो, हे त्या हकीकतीतले सार मी स्वतःच कितीदा सांगितले असेल.

राहिला प्रश्न तौबाचा. अल्लाहचा हक्क अल्लाह माफ करील, पण बंद्यांचा हक्क बंद्याकडेच माफ करून घ्यावा लागतो, आणि तो बंदा मुसलमान आहे की नाही याने फरक पडत नाही. कराराने आपल्यासोबत राहणाऱ्या परधर्मीयावर जुलूम करणाऱ्याविरुद्ध कियामतच्या दिवशी आपण स्वतः उभे राहू, असे प्रेषितांनी (सल्ल.) सांगून ठेवले आहे. मला त्या बाईंचे नाव माहीत नाही, गावही माहीत नाही. पुढच्या आठवड्यात मी दोनदा त्या दारापाशी जाऊन आलो. त्या दिसल्या नाहीत. हक्कदार सापडत नसेल तर त्याच्या वतीने सदका करावा, असा मसला आहे. मी माझ्या उस्तादांना रक्कम किती द्यावी म्हणून विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तू पैसे कुठे घेतलेस? दिवस घेतलास. दिवस दे."

म्हणून आता गुरुवारी सकाळी मी केसपेपरच्या खिडकीजवळ असतो. चिठ्ठी वाचून देणे, रक्त तपासणी कोणत्या इमारतीत ते सांगणे, एकट्या आलेल्या म्हाताऱ्या माणसासोबत चालत जाणे, एवढेच ते काम आहे. बहुतेकांना त्याहून अधिक काही नको असते. बाहेरगावच्या रुग्णांना आधी घ्यावे आणि इकोसाठी सकाळीच नंबराच्या चिठ्ठ्या द्याव्यात, असा अर्ज आम्ही विश्वस्तांच्या सह्यांनिशी दिला. चिठ्ठ्या सुरू झाल्या आहेत, दुसऱ्या मागणीचे उत्तर यायचे आहे. फोनसाठी येणाऱ्यांना मी म्हणतो, फोन करीत नाही, सोबत येतो. काही जण येतात. गेल्या महिन्यात एक गृहस्थ रागावून गेले. त्यांच्या पत्नीच्या पोटात दुखत होते, आणि त्यांच्या रागात मला माझीच ती सकाळ दिसली, म्हणून त्यांना काही बोललो नाही. ते अजून दुसऱ्या मशिदीत नमाज पढतात.