हत्ती भट्टीत फुटतो का?

समजा, दम्माममध्ये एखादी भारतीय बाई शाळा सुटल्यावर मुलांना मातीकाम व चित्रकला शिकवते. सौदी अरेबियात नोकरीनिमित्त गेलेली मराठी कुटुंबे आहेतच, तेव्हा ही गोष्ट काही अशक्य कोटीतली नव्हे. वर्गात मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती अशी सर्व घरची मुले. वाडगे करून कंटाळलेला एक मुलगा विचारतो, "बाई, मी हत्ती करू?" बाईंना कुणा पालकाची नाराजी नको असते. त्या म्हणतात, "नको रे, हत्ती भट्टीत फुटतो."

यात खोटे काय? मातीचा भरीव गोळा नीट वाळला नसेल तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन तो फुटतो, हे खरेच आहे. पण पोट कोरून पोकळ केले, हवेला एक भोक ठेवले आणि सावकाश वाळू दिले, तर हत्ती खुशाल भाजून निघतो. बाईंना हे ठाऊक आहे. म्हणजे वाक्य खरे, पण कारण खोटे. आणि शिक्षकाने करू नये ती गोष्ट हीच, असे मला वाटते.

खरे कारण सांगायला लाजण्याजोगे नाही. सजीवांच्या प्रतिमा करणाऱ्याला कयामतीच्या दिवशी 'आता यात प्राण घाल' असे सांगितले जाईल, अशा अर्थाची हदीस आहे. पैगंबरांची पत्नी आयशा बाहुल्यांशी व पंखांच्या घोड्याशी खेळत असे, हेही हदीसमध्येच आहे, आणि त्यावरून पुष्कळ धर्मपंडितांनी मुलांच्या खेळण्यांना मोकळीक दिली. आपल्या दहा आज्ञांतील दुसरी तर सर्वांना पाठ आहे. पण राब्बान गमलिएल चंद्राच्या आकृती पाटीवर व भिंतीवर ठेवीत आणि नवा चंद्र पाहिलेल्या साक्षीदारांना 'असा दिसला की असा?' म्हणून विचारीत, असे मिश्नात रोश हाशानामध्ये आहे. तालमूदने त्यावर शंका काढली, आणि समजण्यासाठी व शिकवण्यासाठी केलेले चालते, असे एक उत्तरही दिले.

आपल्या पेणला सिनेगॉगही आहे आणि गणपतीचे कारखानेही. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती मातीच, असे हिंदू शेजारीच सांगतात. बेरेशीथमध्ये मातीच्या आदामात श्वास फुंकला तो देवाने. फिरून फिरून सगळे प्राणापाशीच येतात, आणि मुलाच्या हत्तीत कोणी काही फुंकलेले नाही.

काही जण म्हणतील, सात वर्षांच्या पोराला हे कशाला? बरोबर. त्याला एवढेच पुरे: "काही घरी प्राण्यांच्या आकृती करत नाहीत." (प्रसादाचा मोदक खाऊ नको, खोकला होईल, असे सांगणाऱ्या आया आपल्यातही होत्या. पोराने एकदा चोरून खाल्ला आणि खोकला झाला नाही, की आईचे सगळेच शब्द हलके होतात.) बाईंनी आधी प्रत्येक घरी विचारावे. ज्या घरचा नकार असेल त्याने सुरई करावी. तिथून जवळच अल-अहसामध्ये कारा डोंगराच्या पायथ्याशी कुंभारकाम चालत आले आहे, आणि हस्तकलांसाठी अल-अहसाला २०१५ साली युनेस्कोच्या सर्जनशील शहरांत स्थान मिळाले. म्हणजे सुरई काही कमी दर्जाचे काम नव्हे. दुसऱ्याने हत्ती करावा.

पण भाद्रपदात त्याच हत्तीला पोट सुटले, चार हात फुटले, तर? त्या देशात मुसलमानांखेरीज इतरांना उघड उपासनेची परवानगी नाही, आणि वर्गावर काही आले तर सगळ्याच मुलांवर येईल. इथे बाईंनी नाही म्हणावे, आणि इथला कायदा असा आहे म्हणून नाही, हेही सांगावे. मी असतो तर माझी आज्ञाही सांगितली असती: मी तो घडवायला शिकवणार नाही. मात्र मुलाच्या डोळ्यांदेखत त्याचा पुन्हा गोळाही केला नसता. ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच्या आईच्या हाती दिला असता. भट्टीचा प्रश्नच नाही. विसर्जनात विरघळायचा म्हणून मातीचा गणपती मुळात भाजतच नाहीत.