आजारी आतड्याची बदनामी

रोवणीच्या दिवसांत मौद्याकडे ताप-हगवण वाढली की दवाखान्यात एकच मागणी ऐकू येते : "गोळीनं काही होत नाही जी, बाटली लावून द्या." मागणाऱ्याचा यात दोष नाही, बुडणारी रोजी त्याला दिसत असते. दोष आहे तो 'आजारात आतडं औषध घेतच नाही' असं शास्त्राच्या नावानं सांगून सलाईन लावणाऱ्यांचा. लिटरभर नॉर्मल सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. त्यात ताकद कुठून येणार?

आजारात पचनाचा अग्नी मंदावतो, हा चरक-वाग्भटांचा मंदाग्नी सर्वांना ठाऊक आहे. पण मंदावलेला अग्नी विझलेला नसतो. म्हणून तर लंघन, पेज आणि दीपन-पाचनाची औषधं, तीही तोंडावाटेच.

आतडं पार निकामी होतं, ही समजूत पक्की केली पटकीच्या शवविच्छेदनांनी. एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांना मृतांच्या आतड्याचं अस्तर सोललेलं दिसलं. अशा आतड्यातून काय शोषलं जाणार? १९५९ मध्ये बँकॉकला साथ आली, तेव्हा युजीन गंगारोसा आणि सहकाऱ्यांनी जिवंत रुग्णांच्या लहान आतड्याचे तुकडे काढून तपासले. अस्तर शाबूत होतं. सोलणं मृत्यूनंतरचं होतं! १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी साखर आणि सोडियम आतड्यात जोडीनं शिरतात हे मांडलं. पाणी त्यांच्यामागून जातं. पटकीतही ही वाट उघडी राहते. जलसंजीवनीची गोष्ट सांगताना सगळे साखर-मिठाच्या प्रमाणाचं कौतुक करतात. माझ्या मते खरा पालट आजारी आतड्यावर विश्वास बसला तेव्हा झाला. तो नसता तर ते प्रमाण कोणी रुग्णाला पाजलंच नसतं. पाजलेलं साखर-मिठाचं पाणी पटकीतही शोषलं जातं, हे १९६८ मध्ये ढाक्यात सिद्ध झालं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचा द्रव संपत आला, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पाजलं आणि सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यू ३.६ टक्क्यांवर आले.

गोळ्यांचंही असंच आहे. पॅरासिटामॉल जठरात फारसं शोषलं जात नाही, लहान आतड्यात उतरल्यावर शोषलं जातं. जठर किती वेगानं रिकामं होतं यावर त्याचा परिणाम कधी दिसणार हे ठरतं, असं १९७३ च्या प्रयोगांनी दाखवलं. अर्धशिशीत जठर सुस्तावतं, गोळी तिथंच रेंगाळते. गुण यायला उशीर होतो, एवढंच. मात्र उलट्या थांबत नसतील, रुग्ण गुंगीत असेल किंवा रक्तदाब कोसळून आतड्याचा रक्तपुरवठाच आटला असेल, तर शिरेतूनच द्यावं लागतं. तिथं एक मिनिटही दवडू नये.

एरवी बाटली टांगली जाण्याआधी डॉक्टरांना विचारा : पेशंट पाणी पितो आहे, पोटात टिकतं आहे, मग सुई कशासाठी? ओआरएसची, म्हणजे जलसंजीवनीची, पुडी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आशाताईंकडेही असते. लहान मुलाला हगवण असेल तर सोबत १४ दिवसांच्या झिंकच्या गोळ्याही मागून घ्या.