शिधा एकाकडे, न्याय दुसऱ्याकडे

गाझा पट्टीत १९४८ साली मूळचे रहिवासी होते जेमतेम ऐंशी हजार. इस्रायलच्या स्थापनेवेळच्या युद्धात घरंदारं सोडून आलेले दोन लाखांवर लोक त्यांच्यात येऊन पडले. कुणी मशिदीत, कुणी शाळेच्या व्हरांड्यात, कुणी वाळूत ठोकलेल्या तंबूत. संयुक्त राष्ट्रांनी या लोकांना जगवण्याचं काम अमेरिकेतल्या क्वेकरांच्या सेवा समितीकडे सोपवलं. क्वेकर म्हणजे हाती शस्त्र न धरणारा ख्रिस्ती पंथ. आदल्याच वर्षी त्यांच्या ब्रिटिश आणि अमेरिकी संस्थांना शांततेचं नोबेल मिळालं होतं. पीठ, कडधान्य, साखर, तेल, पोरांना दूध, थंडीत पांघरुणं असं सगळं ते नेटानं वाटत राहिले. आणि वर्ष उलटायच्या आत हीच माणसं अस्वस्थ झाली.

१९४९च्या अखेरीस त्यांनी संयुक्त राष्ट्रांना स्पष्ट कळवलं: नुसता शिधा वाटत राहिलं की घेणारी माणसं आतून खचतात, आणि तात्पुरतं भागतंय म्हटल्यावर राजकीय तोडगा काढायची घाई कुणालाच उरत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी गाझा सोडलं.

दयाच न्यायाच्या आड येऊ शकते का, हा त्यांना पडलेला प्रश्न होता.

त्याचं सोयीचं उत्तर असं की मदत थांबवा, प्रश्न आपोआप सुटेल. हे उत्तर निखालस खोटं आहे, हे गाझातच अलीकडे दिसलं. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासनं केलेल्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. त्या क्रौर्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण त्याचा जाब अंगावर पिणाऱ्या लेकराकडे कसा मागायचा? मार्च २०२५ पासून अकरा आठवडे इस्रायलनं गाझात जाणारी सगळी मदत रोखून धरली. त्यानंतर काही मदत सुरू झाली, पण ती फारच तुटपुंजी ठरली. २२ ऑगस्टला भुकेची तीव्रता मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेनं गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ जाहीर केला. त्यातून शांतता आली नाही; मुलं मेली. क्वेकरांनीही जाताना काम बंद पाडलं नव्हतं, ते संयुक्त राष्ट्रांच्या नव्या संस्थेच्या हाती सोपवलं होतं.

त्या भूमीतल्या धर्मांनी या प्रश्नाचा विचार फार पूर्वीच केलेला आहे. कुराणात श्रीमंताच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क सांगितला आहे. जकात ही देणाऱ्याची मेहेरबानी नव्हे. बाराव्या शतकात कैरोजवळ राहून लिहिणारा ज्यू धर्मशास्त्री मायमोनिडीस दानाच्या आठ पायऱ्या लावतो. कुरकुरत दिलेलं सगळ्यात खाली. सगळ्यात वर कर्ज, भागीदारी किंवा काम, म्हणजे त्या माणसाला पुन्हा कुणापुढे हात पसरावा लागू नये. दोन्हीकडे घेणाऱ्याचं ताठ उभं राहणं महत्त्वाचं आहे.

हे केवळ ग्रंथांत राहिलं नाही. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचे प्रमुख, रब्बी यहुदा मॅग्नेस यांनी १९३९ साली गांधींना पत्र लिहिलं होतं. गांधी तेव्हा वर्ध्याजवळच्या सेगावात राहत होते आणि ‘हरिजन’मध्ये त्यांनी ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला होता. हिटलरपुढे सत्याग्रह कसा करायचा, हा मॅग्नेस यांचा रास्त सवाल होता. हेच मॅग्नेस नऊ वर्षांनी, मृत्यूच्या उंबरठ्यावर असताना, अरब निर्वासितांच्या मदतीसाठी धडपडत होते. ज्या ज्यू मदतसंस्थेच्या उभारणीत त्यांचा हात होता, तिनं या निर्वासितांसाठी केलेल्या विनंतीला दाद दिली नाही म्हणून ते तिच्या नेतृत्वातून बाहेर पडले. आपल्या दुःखानं डोळे भरलेले असताना दुसऱ्याचं दुःख दिसणं, याहून मोठी धार्मिकता कोणती?

घोडं अडलं ते व्यवस्थेत. डिसेंबर १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १९४ क्रमांकाचा ठराव केला. शेजाऱ्यांशी शांततेनं राहू इच्छिणाऱ्या निर्वासितांना परतू द्यावं, न परतणाऱ्यांना भरपाई द्यावी. त्यासाठी अमेरिका, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांचा सलोखा आयोग नेमला. वर्षभरानं शिधा, शाळा आणि दवाखान्यांसाठी यूएनआरडब्ल्यूए ही वेगळी संस्था काढली. पोटाची काळजी घेणाऱ्या संस्थेकडे आज ५९ लाख निर्वासितांची नोंद आहे. न्यायाचं काम सोपवलेला आयोग अजून कागदावर जिवंत आहे आणि दरवर्षी आमसभेला कळवतो की नवं सांगण्यासारखं काही नाही. क्वेकरांची भीती तंतोतंत खरी ठरली.

त्याचे ओरखडे रोजच्या जगण्यावर उठले. निर्वासित म्हणून नोंद व्हायची तर घर आणि उपजीविका दोन्ही गेलेली असायला हवीत, असा नियम होता. कलकिल्या गावाची घरं जॉर्डनच्या ताब्यात राहिली, बरीचशी शेती युद्धबंदी रेषेपलीकडे इस्रायलात गेली. दारातून पिढीजात संत्र्याची बाग दिसायची, तिथं जाणं जिवावर बेतायचं. आणि घर शाबूत, म्हणून शिध्याचं कार्ड नाही. छावण्यांत जन्म लगोलग नोंदवले जात, मृत्यू लपवले जात, कारण आजीच्या कार्डावर नातवंडांचं पीठ यायचं. याला लबाडी म्हणणाऱ्यानं आधी तो नियम करणाऱ्यांकडे बघावं. पक्की घरं घ्यायलाही लोक कचरत. घर घेतलं की परतीचा दावा सोडला असं होईल, ही धास्ती. निर्वासितांना इजिप्तच्या सिनाईत वसवण्याची योजना आली तेव्हा, १९५५ साली, गाझात लोक रस्त्यावर उतरले.

इस्रायलची भीतीही खरी आहे. लाखो लोक परतले तर ज्यूंना जगात मिळालेलं एकुलतं एक राज्य त्यांचं राहणार नाही, असं तिथल्या बहुतेकांना वाटतं. पण ही भीती तपासून पाहता येते. रामल्लाचे राज्यशास्त्रज्ञ खलील शिकाकी यांनी २००३ मध्ये वेस्ट बँक, गाझा, जॉर्डन आणि लेबनॉनमधल्या साडेचार हजार निर्वासित कुटुंबांना विचारलं, की इस्रायलनं परतीचा हक्क मान्य केला तर तुम्ही कुठे राहायला जाल? इस्रायलमध्ये, असं म्हणणारे दहा टक्क्यांच्या आसपास निघाले. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी पॅलेस्टिनी राज्य, आहे तीच जागा किंवा दुसरा देश निवडला. निष्कर्ष जाहीर व्हायच्या दिवशी जमावानं शिकाकींच्या कार्यालयावर हल्ला केला. आपला हक्कच विकायला काढलाय, असं लोकांना वाटलं. हक्क वापरायचा की नाही हे आपण ठरवू, पण तो होता हे आधी मान्य करा, एवढंच त्या संतापाचं म्हणणं होतं.

हे मान्य करायला लागणारे कागदही तयार आहेत. सलोखा आयोगानं पन्नास-साठच्या दशकांत निर्वासितांच्या जमिनींची मालकांनुसार नोंद केली होती आणि ती न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांकडे जपून ठेवलेली आहे. कुणाची किती जमीन, कुठल्या गावात, हे शोधायला नव्या आयोगाची गरज नाही. मदतीच्या प्रत्येक परिषदेत देणगीच्या आकड्यांशेजारी या नोंदीही टेबलावर यायला हव्यात.