पाचव्या गोलंदाजाची दहा षटकं

एकनाथ सोलकरची कसोटी कारकीर्द नुसत्या आकड्यांत मांडली, तर निवडसमितीच्या बैठकीत त्याची बाजू घेणं कुणालाही जड जाईल. २७ कसोटी, १०६८ धावा, सरासरी पंचविशीची. बळी १८, तेही प्रत्येकी साठेक धावा मोजून. आजच्या समालोचकानं त्याला डोळे मिटून ‘बिट्स अँड पीसेस’ खेळाडूंत जमा केलं असतं. पण १९७१च्या ओव्हल कसोटीत त्यानं पहिल्या डावात तीन बळी घेतले, ४४ धावा केल्या आणि दुसऱ्या डावात वेंकटराघवनच्या चेंडूवर ॲलन नॉटचा तो झेल घेतला. त्या विजयातले चंद्रशेखरचे सहा बळी सगळ्यांना पाठ आहेत, आणि ते रास्तही आहे. फक्त फलंदाजाच्या नाकासमोर उभ्या असलेल्या सोलकरमुळे फिरकीची दहशत किती वाढत होती, याचा रकाना धावफलकात नसतो. २७ कसोटींत ५३ झेल, बहुतेक हेल्मेटविना शॉर्ट लेगला उभं राहून. फलंदाजी आणि गोलंदाजी जेमतेम असलेल्या या माणसाचं एक अंग जगात अव्वल होतं.

‘थोडी फलंदाजी, थोडी गोलंदाजी’ करणाऱ्यांना संघात घ्यावं की नाही, हा वाद बहुधा खेळाडूकडे बोट दाखवून होतो. मला तो वाद आधी नियमाकडे बघून करावासा वाटतो. एकदिवसीय सामन्यात एका गोलंदाजाला दहाच षटकं टाकता येतात. म्हणजे पाच गोलंदाज सक्तीचे. पाचही अस्सल घेतले तर फलंदाजी सहाव्या क्रमांकाशी संपते. चारच घेतले तर उरलेली दहा षटकं कुणाच्या तरी गळ्यात पडतात. या गळ्यात पडलेल्या षटकांतून हा खेळाडू जन्माला आला. कसोटीत अशी सक्ती नाही. तिथे वीस बळी लागतात, आणि ते धावा रोखून हमखास मिळत नाहीत.

न्यूझीलंडचा ख्रिस हॅरिस याचा सर्वांत स्वच्छ पुरावा आहे. २५० एकदिवसीय सामने, २०३ बळी, चार हजारांवर धावा. आणि २३ कसोटींत बळी फक्त १६. तोच हात, तोच मंद चेंडू. एका खेळात फलंदाजाला तो मारावाच लागतो, दुसऱ्यात सोडून देता येतो. १९९२च्या विश्वचषकात मार्टिन क्रोनं हॅरिस, लार्सन, लॅथम अशा मंदगती मंडळींवर संघ उपांत्य फेरीपर्यंत नेला, तो हा फरक ओळखून.

आपलं १९८३ तरी काय वेगळं होतं? तेव्हा साठ षटकांचा सामना असायचा, एका गोलंदाजाला बारा षटकं. मँचेस्टरच्या उपांत्य सामन्यात मोहिंदर अमरनाथ आणि कीर्ती आझाद या दोघांनी मिळून २४ षटकांत ५५ धावा दिल्या, तीन बळी घेतले. त्यात आझादनं उडवलेला बोथमचा त्रिफळा. सामनावीर अमरनाथ. अंतिम सामन्यातही तोच, २६ धावा आणि १२ धावांत तीन बळी. कपिल सोडला तर त्या संघातल्या कुणाला निखळ अष्टपैलू म्हणावं, यावर वाद घालता येईल.

त्याच मँचेस्टरला ३६ वर्षांनी, विश्वचषकाच्याच उपांत्य सामन्यात रवींद्र जडेजा खेळला. त्याआधी काही दिवस संजय मांजरेकरांनी म्हटलं होतं की एकदिवसीय क्रिकेटमध्ये तो सध्या बिट्स अँड पीसेस खेळाडू आहे. त्याच्या जागी आपण एक फलंदाज आणि एक फिरकीपटू घेऊ. जडेजा भडकला, जाहीर बोलला. मग उपांत्य सामन्यात दहा षटकांत ३४ धावा, रॉस टेलरला थेट फेकीवर धावबाद, आणि ६ बाद ९२ वरून ५९ चेंडूंत ७७. भारत १८ धावांनी हरला, वादात मात्र जडेजा जिंकला असं ठरलं. मला मांजरेकरांचं तत्त्व अजूनही चुकीचं वाटत नाही. माणूस चुकीचा निवडला, एवढंच. मांजरेकरांच्या मुंबईच्या खडूस वळणात एकेका कामाला एकेक पक्का माणूस लागतो. गंमत अशी की याच मुंबईनं सोलकर दिला, आणि दहाव्या क्रमांकावर पदार्पण करून पुढे सिडनीत सलामीला द्विशतक ठोकणारा रवी शास्त्रीही दिला.

तत्त्व मोडतं कुठे, ते केदार जाधवकडे बघून कळतं. पुण्याचा हा फलंदाज हात जवळजवळ आडवा करून चेंडू टाकायचा. धोनीनं त्यातून बळी काढले. २०१८च्या आशिया चषकात पाकिस्तानविरुद्ध २३ धावांत तीन बळी आणि अंतिम सामन्यात दोन, ते याच हाताचे. वर्षभरात विश्वचषक आला, तेव्हा त्याला फार थोडी षटकं मिळाली. गोलंदाजी काढून घेतल्यावर त्याला केवळ फलंदाज म्हणून मोजलं गेलं आणि उपांत्य सामन्याला तो बाहेर होता. अशा खेळाडूचं अर्धं मोल कर्णधाराच्या डोक्यात असतं.

भीतीपोटी असे खेळाडू गोळा केले, की गणित फिरतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीत भारतानं चार फिरकीपटू घेतले आणि वॉशिंग्टन सुंदरला तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं. १२४चं लक्ष्य होतं, डाव ९३ वर संपला. आता माझ्या म्हणण्याला गैरसोयीची गोष्ट: त्या डावात सर्वाधिक धावा, ३१, सुंदरनंच केल्या. पण चेंडू एवढा वळणाऱ्या खेळपट्टीवर चौथा फिरकीपटू करणार काय होता? गिल मानेच्या दुखण्यानं बाहेर गेल्यावर एका निव्वळ फलंदाजाची उणीव मात्र लगेच दिसली.

आयपीएलमध्ये प्रश्न उलटा झालाय. २०२३पासूनच्या ‘इम्पॅक्ट प्लेअर’ नियमानं पाचव्या गोलंदाजाची अडचणच नाहीशी केली. फलंदाज बसवा, गोलंदाज उतरवा. रोहित शर्मानं यावर उघड नाराजी दाखवली आणि सुंदर व शिवम दुबेची नावं घेतली. त्याचं खरं होतं. अर्धाकच्चा अष्टपैलू पक्का होतो तो नकोशी षटकं टाकूनच. चार चेंडू स्टँडमध्ये गेले की पाचवा कुठे टाकायचा, हे तिथेच कळतं. मंडळानं मुश्ताक अली स्पर्धेतून हा नियम काढला, आयपीएलमध्ये ठेवला. चेन्नईकडून २०२४च्या मोसमात दुबेला गोलंदाजी जवळजवळ मिळालीच नाही. पुढच्या वर्षी आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात हार्दिक पंड्या जायबंदी होता, आणि पाकिस्तानविरुद्ध नवा चेंडू दुबेच्या हातात आला. तीन षटकं, २३ धावा, बळी नाही. नंतर २२ चेंडूंत ३३. दोन्हींतली एकही कामगिरी वेगळी काढून कुणी लक्षात ठेवणार नाही. भारत पाच गडी राखून जिंकला.