खेळीचा निवाडा

जानेवारी 2024 मध्ये नेदरलँड्समधील वाइक आन झी या समुद्रकाठच्या गावी टाटा स्टील बुद्धिबळ स्पर्धा झाली, आणि ती आटोपताच नागपूरच्या दिव्या देशमुख हिने आपली कैफियत समाजमाध्यमावर जाहीरपणे मांडली. तेव्हा तिचे वय अवघे 18 होते. या स्पर्धेतील आपले काही डाव आपल्याला समाधान देणारे झाले, परंतु पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांचे लक्ष पटाकडे नव्हतेच, ते आपल्या केसांकडे, पोशाखाकडे आणि उच्चाराच्या धाटणीकडे होते; पुरुष खेळाडूची मुलाखत झाली की चर्चा त्याच्या डावाची होते, आणि स्त्री खेळाडूची झाली की डाव सोडून बाकी सर्व गोष्टींची होते, असा तिच्या लिहिण्याचा आशय होता. आपल्या खेळावर टीका झाली, अशी तक्रार तिने केलेली नाही, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. तिची फिर्याद याच्या अगदी उलट होती. आपल्या खेळावर कोणी बोललेच नाही, याचे तिला दुःख होते.

टीकेला घाबरणाऱ्या माणसाने बुद्धिबळाच्या वाटेला जाऊ नये, इतका तो खेळ निष्ठुर आहे. डाव संपल्यावर हरलेला आणि जिंकलेला असे दोघेही त्याच पटापाशी बसून आपण कोठे चुकलो याचा शोध घेतात, हा तेथील जुना शिरस्ता. आणि आता तर संगणक प्रत्येक खेळीचे मोल आकड्यांत मांडून दाखवितो, त्यामुळे जगज्जेत्याचीही घोडचूक घरबसल्या पाहणाऱ्या शाळकरी पोराला त्याच क्षणी कळते. अशा वातावरणात वाढलेली मुलगी कठोर शब्दाने दुखावली जाईल, हे संभवत नाही. तेव्हा विधायक टीका आणि द्वेष यांच्यातला भेद शब्दांच्या मृदुपणात किंवा तिखटपणात शोधू जाणे, जे आपण सामान्यतः करीत असतो, ते मुळातच चुकीचे आहे. टीका खेळीविषयी असते आणि म्हणून तिची रुजुवात करता येते. द्वेष खेळणाऱ्याच्या तेथे असण्याविषयीच असतो, आणि त्याला उत्तर देण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे तेथून निघून जाणे.

ज्या महामार्गाने दिव्याचे नागपूर सुरतेस जोडलेले आहे, त्याच महामार्गावर धुळ्याच्या पश्चिमेस आमचे साक्री आहे. येथील तरुणांचा खेळ बुद्धिबळाचा नाही, तो मोबाइलवरच्या लढाईचा आहे. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने 118 अॅपवर बंदी घातली तेव्हा पब्जीही गेला. पुढच्या वर्षी जुलैत तो बीजीएमआय या नावाने परत आला, 2022 च्या जुलैत पुन्हा बंद झाला आणि 2023 च्या मेअखेरीस पुन्हा सुरू झाला. या सर्व उलथापालथीत पोरांचा उत्साह काही ओसरला नाही. संध्याकाळी एखाद्या ओट्यावर चौघे जण माना खाली घालून बसलेले असतात, आणि त्यांचे बोलणे लक्ष देऊन ऐकले, तर दोन प्रकारची वाक्ये स्पष्ट वेगळी काढता येतात. ‘मांगे ये रे भो, तठे चार जण शेतस,’ हे अहिराणीतले एक. ते कितीही ओरडून सांगितलेले असो, त्याला शिवीचे शेपूट जोडलेले असो, ऐकणाऱ्याला त्यातून काही करता येते: तो मागे येतो आणि वाचतो. दुसऱ्या प्रकारची वाक्ये सामन्यात पडलेल्या अनोळखी जोडीदाराला उद्देशून असतात. तू बॉट आहेस, गेम डिलीट कर, आणि त्यापुढे त्याच्या आईबहिणीचा, जातीचा, गावाचा उद्धार. यातून त्या बिचाऱ्याने कोणता बोध घ्यावा? त्याने कोठे उभे राहावयास हवे होते, कोणते शस्त्र उचलावयास हवे होते, हे त्या संपूर्ण भडिमारात कोठेही नसते.

ही पोरे मुळात वाईट आहेत, असे मानणे सोपे आहे. परंतु तेच पोरगे ओट्यावरच्या मित्राशी पहिल्या प्रकारे बोलते आणि पडद्यामागच्या परक्याशी दुसऱ्या प्रकारे, हे डोळ्यांनी दिसत असताना दोष केवळ स्वभावावर टाकून मोकळे होणे न्यायाचे नाही. आमच्या खानदेशात गावोगावच्या यात्रांतून कुस्त्यांची दंगल भरते. त्या दंगलीसाठी पोरे तयार करणारा वस्ताद काही गोड बोलणारा गृहस्थ नसतो. कंबर वर राहिली, पकड सैल पडली, दम टिकला नाही, हे तो चारचौघांत ज्या भाषेत सांगतो, ती भाषा छापण्याजोगी नसते. पण त्या पोराने उद्या पहाटे पुन्हा मातीत उतरावे, हीच त्याची इच्छा असते, आणि उतरल्यावर चुकलेला डाव हाताला धरून शिकविण्याची जबाबदारीही त्याचीच असते. पोरगा हरला तर गाव वस्तादालाही विचारते. ही जबाबदेही कठोर शब्दाला टीकेचा दर्जा देते. बीजीएमआयच्या एका सामन्यात शंभर खेळाडू उतरतात, अर्ध्या तासात बाजी संपते, आणि जोडून दिलेले चार अनोळखी जीव पुन्हा कधीही एकमेकांसमोर येत नाहीत. जेथे उद्याची पहाटच नाही, तेथे शब्दाचा हिशेब कोणाला द्यावयाचा?

याविषयी सर्वांत विचारणीय पुरावा मला अमेरिकेतील रायट गेम्स या कंपनीच्या अनुभवात सापडतो. तिच्या लीग ऑफ लेजंड्स या खेळात शिवीगाळीने कहर केला, तेव्हा तिने 2011 मध्ये एक प्रकारचे पंचमंडळच स्थापन केले: ज्याच्याविरुद्ध तक्रार झाली त्याचे संभाषण इतर खेळाडूंपुढे ठेवावयाचे आणि निवाडा त्यांनीच करावयाचा. कंपनीचे जेफ्री लिन यांच्या देखरेखीखाली या संभाषणांच्या दप्तराचा अभ्यास झाला, त्यात सतत विष ओकणारे खेळाडू सुमारे 1 टक्काच आढळले, आणि एकूण घाणीतला त्यांचा वाटा सुमारे 5 टक्क्यांहून अधिक नव्हता. उरलेली बहुतेक सर्व घाण सामान्य माणसांची होती. दिवस वाईट गेलेल्या, हरलेल्या, चिडलेल्या, एरवी सभ्य अशा माणसांची. चार गुंडांना हाकलून दिले की गाव शुद्ध होते, हा समज यामुळे निकालात निघतो.

त्याहूनही मोलाची गोष्ट पुढची आहे. शिक्षा झालेल्या खेळाडूला नुसता अपराधाचा प्रकार कळविला, तर पुढील तीन महिन्यांत पुन्हा शिक्षेस पात्र न ठरणाऱ्यांचे प्रमाण 50 टक्के होते. आणि त्याने कोणाला काय म्हटले, कोणत्या वेळी म्हटले आणि पंचांनी काय ठरविले, हा सारा पंचनामा त्याच्या हाती दिला, तेव्हा ते 65 टक्क्यांवर गेले. शिक्षा तीच, फरक एवढाच की दुसऱ्या वेळी तिच्यात टीका होती. आपले शब्द जसेच्या तसे समोर आले, तेव्हा अनेकांना ते आपलेच आहेत हे प्रथमच दिसले असावे. द्वेष करणाऱ्यालाही सुधारावयाचे असेल, तर त्याला दुष्ट म्हणून उपयोग होत नाही, त्याच्या कृतीवर नेमके बोट ठेवावे लागते, असा याचा अर्थ मी करतो.

हा रोग मोबाइलने आणला, अशी आपल्या वडीलधाऱ्यांची समजूत आहे. मराठी वाङ्मयाचा इतिहास तिला दुजोरा देत नाही. 1874 मध्ये सुरू झालेल्या निबंधमालेतून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीराव फुल्यांवर जे लिहिले, त्यात फुल्यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नांना उत्तर देण्यापेक्षा त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची थट्टा करण्यावरच भर होता. शास्त्रीबोवांची विद्वत्ता, त्यांचे गद्याचे सामर्थ्य मी अमान्य करीत नाही, त्या गद्याने मराठीला घडविले. तरीही खेळी सोडून खेळणाऱ्याच्या उच्चारावर हसण्याची ही रीत आणि वाइक आन झीच्या प्रेक्षकांची रीत यांत मला तत्त्वतः अंतर दिसत नाही. तुलनेसाठी आमच्याच धुळ्याला ज्यांच्या आयुष्याची अखेर झाली, त्या इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांकडे पाहावे. त्यांची लेखणी चिपळूणकरांच्या लेखणीइतकीच तिखट होती. परंतु मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफची चूक दाखविताना ते अस्सल पत्र वाचकाच्या पुढ्यात टाकीत, आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंडामागून खंड काढून, माझे खोटे असेल तर हे पाहा आणि मला खोडून काढा, अशी सोय त्यांनी प्रतिपक्षासाठीच करून ठेवली. 1926 च्या अखेरीस ते गेले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ दुसऱ्याच वर्षी धुळ्यात उभे राहिले आणि त्यांची कागदपत्रे आजही अभ्यासकाला तेथे पाहता येतात. ज्याचा पुरावा त्याच्या पश्चातही तपासता येतो, त्याचा राग मी सोसू शकतो.

खेळणाऱ्यांप्रमाणेच खेळ घडविणाऱ्यांच्या वाट्यालाही हे दोन्ही अनुभव येतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेने ‘राजी’ नावाचा खेळ केला. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ती कथा. 2017 मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी काम थांबू नये म्हणून स्वतःचे घर विकले, आणि 2020 मध्ये खेळ बाहेर पडला. देशोदेशीच्या समीक्षकांनी त्यातील चित्रशैलीची, मंदिरांच्या आणि राजवाड्यांच्या रेखाटनाची मनापासून स्तुती केली, आणि लढाईची रचना कच्ची आहे, खेळ फार लवकर संपतो, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले. घर विकून उभ्या केलेल्या कृतीविषयी असे ऐकणे सुखाचे खासच नसेल. पण ते शब्द हाती घेऊन काम करण्याजोगे होते. 2022 मध्ये निघालेल्या सुधारित आवृत्तीत लढाईच्या रचनेत फेरफार झाले आणि हिंदी संवादही आले. याच सुमारास, 26 जानेवारी 2021 रोजी, बंगळूरच्या एनकोअर गेम्सचा, पब्जीला पर्याय मानला गेलेला ‘फौजी’ आला. तो खेळ उत्तम होता असे माझे म्हणणे नाही, त्याच्या उणिवा खऱ्या होत्या. परंतु त्यावर एक-एक तारा देऊन तुटून पडलेल्यांत पब्जी गेल्याचा राग काढणारे पुष्कळ होते, आणि त्या ढिगाऱ्यातून खरी उणीव सांगणारा शहाणा अभिप्राय वेचून काढणे करणाऱ्यांना किती कठीण गेले असेल, याची कल्पना करावी. द्वेषाने मन दुखावते हे सर्वांना ठाऊक असते. तो टीकेचाच आवाज बुडवितो, ही हानी सहसा कोणी मोजीत नाही.

‘खेळच तो, मनाला कशाला लावून घ्यावयाचे,’ असे म्हणणारे भेटतात. ते स्वतः खेळलेले नसावेत. खेळ मनाला लागतो म्हणूनच तो खेळ. ज्याला हरल्याचे काहीच वाटत नाही, त्याला शिकविण्याचा उपाय कोणत्याही वस्तादापाशी नाही. दुसरे काही सज्जन सभ्य भाषेच्या सक्तीचा आग्रह धरतात, तोही मला पटत नाही, कारण गोड शब्दांत माणसाला हाकलून लावणारे मी पुष्कळ पाहिले आहेत आणि अहिराणी मित्रमंडळींतली शिवी ही बहुधा जवळिकीची खूण असते. कायद्याकडे बोट दाखवावे, तर ऑगस्ट 2025 मध्ये संमत झालेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा मुख्यतः पैशाच्या खेळांचा बंदोबस्त करणारा आहे. ई-स्पोर्ट्सला त्याने मान्यता दिली, हे चांगलेच झाले, पण खेळाडूने खेळाडूशी कसे वागावे, हा कायद्याचा प्रांत फारसा नव्हेच. तो गावाचा प्रांत आहे.

म्हणून साक्रीसारख्या ठिकाणी, जेथे सणावाराला वर्गणी काढून मोबाइलच्या स्पर्धा भरविण्याची हौस आता मुलांना आहे, तेथे एक शिरस्ता घालून पाहावा, असे मला फार वाटते. बाजी संपल्यावर बक्षीस वाटण्याच्या आधी अर्धा तास हरलेल्या आणि जिंकलेल्या संघांना एकत्र बसवावे, अखेरच्या लढतीचे चित्रण पुन्हा लावावे, आणि जो दुसऱ्याच्या चुकीवर बोलेल त्याने, तेथे काय करावयास हवे होते, तेही सांगावे. अहिराणीतल्या कोणत्या शब्दाने काळीज फाटते आणि कोणत्याने फक्त हसू येते, हे परदेशातल्या कंपनीच्या यंत्राला कळण्याची वाट पाहण्यापेक्षा, ते ज्यांना जन्मापासून कळते त्या ओट्यावरच्या पोरांनाच पंच करावे.

आणि त्या बैठकीत मुली असल्या पाहिजेत. रोहिणी खाडिलकर 1976 मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरली तेव्हा एवढा गदारोळ झाला की प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना द्यावा लागला. तिला निदान दाराशी कोण उभे आहे हे दिसत होते, त्याच्याविरुद्ध दाद मागता येत होती. आज मोबाइलवर खेळणाऱ्या कित्येक मुली मुलाचे नाव घेऊन, माइक बंद ठेवून खेळतात. आवाज ओळखला की पुढे काय होते हे त्यांना ठाऊक असते. त्यामुळे शिवी टळते, पण ‘मागे ये, तिकडे चौघे आहेत’ असे ओरडून सांगण्याची, चुकल्यावर विचारण्याची, भांडण्याची आणि त्यातून तयार होण्याची वाटही बंद होते. दिव्या देशमुख 28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकली आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. त्या दिवशी तिच्या डावांवर सगळे बोलले. पण तिच्या हाती बोलण्याजोगे नाव होते, आणि ऐकणारे जग होते. माइक बंद करून खेळणारी साक्रीची मुलगी आज चुकली, तर तिला ते सांगणारा कोणीच नाही.